सातशे नव्वद विटांची गढी

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमचे मेहुणे पुण्याहून आले आणि येताना भाचीसाठी एक खोका घेऊन आले. मेहुण्यांनी आणलेल्या वस्तूवरचं किमतीचं लेबल नेहमी अर्धवट खरवडलेलं असतं. म्हणजे आपण ते काढायचा प्रयत्न केला हेही दिसावं आणि आकडाही दिसावा. मी आकडा पाहिला आणि तोवर एका हातात धरलेला खोका चटकन दोन्ही हातांत धरला.

आत प्लॅस्टिकच्या विटा होत्या. लेगोच्या. खोक्यावर ७९० असा आकडा छापला होता. ज्याचं आयुष्य कॅश काउंटरच्या काचेमागे गेलं आहे त्याला छापील आकड्यावर विश्वास ठेवायची सवय नसते. रात्री सगळे झोपल्यावर मी सतरंजी अंथरून मोजदाद केली. ७९१ भरल्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा ७९१. आमच्या धंद्यात कॅश कमी भरली तर खिशातून भरता येते, पण जास्त भरली की माणसाची झोप उडते. कुणाचे आले, कसे आले, उद्या कोण विचारायला येणार? पुढे कळलं, की ही कंपनी बारीक तुकडे हरवतील म्हणून काही जादा टाकतेच. पण ती रात्र माझी गेली ती गेलीच.

सकाळी कन्येनं जाहीर केलं, "बाबा, यंदा किल्ला याचा करायचा."

मी चहाचा कप खाली ठेवला. वाचकहो, मी मूळचा इंदापूरचा. नोकरीनं मला पन्नासेक किलोमीटर ढकलून बारामतीला आणलं एवढंच. दिवाळीचा किल्ला म्हणजे काय असतो हे मी काही पुस्तकात वाचलेलं नाही. तो नखांत जाऊन बसलेला आहे. आधी पडक्या भिंतीचे दगड आणि फुटक्या विटा रचायच्या, त्यावर गोणपाट टाकायचं, गोणपाटावर चिखलाचा लपका मारायचा, मग हळीव किंवा मोहरी पेरून पाणी शिंपडायचं. आठ दिवसांत गडावर जंगल उगवतं. गुहेत वाघ, टाक्यात पाणी, पायऱ्यांवर मावळे आणि सगळ्यात वर सिंहासनावर महाराज. मावळ्यांपेक्षा वाघ मोठा, वाघापेक्षा महाराज मोठे आणि महाराजांपेक्षा तोफ मोठी. प्रमाण या शब्दाशी आमचा संबंध पुढे भूमितीत आला आणि तिथेही फारसा टिकला नाही.

आमचा किल्लेदार दादा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. चिखल किती सैल, किती घट्ट, हे तो हातात गोळा घेऊन सांगायचा. मी त्याचा बिगारी. "पाणी आण", "दगड आण", "हात काढ तिथून" एवढीच माझी सनद. दवाखान्यातून आणलेल्या सलाईनच्या नळीचं कारंजं एका वर्षी त्यानं उडवलं, तेव्हा सबंध आळी बघायला आली होती.

अशा परंपरेत वाढलेल्या माणसासमोर प्लॅस्टिकचा किल्ला! मी म्हटलं, "बाळा, किल्ला मातीचाच. ही खेळणी परदेशी आहेत."

"महाराजांच्या तोफा पण परदेशी होत्या. पुस्तकात आहे."

चौथीचं इतिहासाचं पुस्तक हे महाराष्ट्रातल्या बापांना गप्प करण्यासाठीच काढलेलं आहे, असं माझं जुनं मत आहे. आम्हीही आमच्या वडिलांना त्यातूनच गप्प केलं होतं.

मग मी शत्रूचा अभ्यास सुरू केला. या विटांचा मूळ पुरुष डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचा एक सुतार, ओले कर्क ख्रिस्तियान्सेन. १९३२ साली त्यानं लाकडी खेळणी करायला घेतली. म्हणजे आपल्या सावंतवाडीच्या चिताऱ्यांच्याच गोत्रातला माणूस. प्लॅस्टिक नंतर आलं, आणि वर गुंड्या व आत नळ्या असलेली, एकीत एक गच्च बसणारी आजची वीट २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटाच्या दप्तरात दाखल झाली. त्या साली निघालेली वीट आज निघालेल्या विटेत बसते. आमच्याकडे मागच्या वर्षी घेतलेल्या कुकरला यंदाची शिट्टी बसत नाही.

पण माझ्यातला वाणिज्य शाखेचा पदवीधर जागा झाला तो एका वेगळ्याच आकड्यानं. आठ गुंड्यांच्या एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तर त्या एकमेकींत किती तऱ्हांनी जोडता येतात? कंपनीचा जुना हिशोब होता १०,२९,८१,५००. पुढे कोपनहेगनच्या सोरेन आयलर्स नावाच्या गणितज्ञानं तो तपासायला घेतला, तेव्हा असं निघालं, की कंपनीनं फक्त विटेवर वीट असे सहा मजली मनोरेच मोजले होते. बसकी बांधकामं हिशोबात धरलीच नव्हती. खरा आकडा ९१,५१,०३,७६५. म्हणजे फरक ८१,२१,२२,२६५ चा! आमच्याकडे दिवसाअखेर एक रुपयाचा फरक आला तरी रात्री नऊपर्यंत शाखेचे दिवे चालू असतात. आणि हे लोक वर्षानुवर्षं एक्क्याऐंशी कोटींचा फरक घेऊन सुखानं झोपत होते.

दुसरा पराभव रंगाच्या आघाडीवर झाला. आमच्या खोक्यात नारिंगी, जांभळ्या, गुलाबी, पोपटी अशा सगळ्या विटा होत्या, पण दगडी रंगाच्या मूठभर. पिवळ्या बऱ्यापैकी. कन्या म्हणाली, "पिवळा किल्ला करू." मी हसलो. पिवळा किल्ला जगात कुणी पाहिला आहे का? आणि मग वाचनात आलं, की या कंपनीनं १९७८ साली पहिला मोठा मध्ययुगीन किल्ला बाजारात आणला तो पिवळाधमक होता. करड्या विटा दिल्या तर पोरं त्यांचे रणगाडे करतील, अशी मालकांना धास्ती होती. किल्ला चालेल, रणगाडा नको. यातली नीती मला पूर्ण समजली नाही, पण जेजुरी जवळ असताना पिवळ्या रंगाला मी हसायला नको होतं हे मात्र समजलं.

आता प्रश्न, किल्ला कुठला? त्या पिवळ्या किल्ल्याचं चित्र मेहुण्यांनी फोनवर पाठवलं होतं. खंदकावर खाली पडणारा पूल, टोकदार निशाणं आणि पत्र्याच्या डब्यात बसवल्यासारखे सरदार. कन्येला तसलाच हवा होता. मी म्हटलं, "करायचाच तर आपल्याकडचा." ती म्हणाली, "मग रायगड." बापांची पंचाईत इथेच होते. रायगड म्हणजे विटांचं काम नव्हे. १६५६ साली मोऱ्यांकडून महाराजांनी डोंगर घेतला आणि हिरोजी इंदुलकरानं त्यावर राजधानी उभी केली. पण त्यातली मुख्य भिंत देवानंच आधी बांधून ठेवली होती. तो ताशीव कडा ७९१ विटांत कसा आणायचा? इंदुलकरानं एवढं करून जगदीश्वराच्या पायरीवर आपलं नाव कोरलं आणि समाधान मानलं. आमच्याकडे टेबलावरच्या नावाच्या पाटीचे पैसेही कर्मचारी स्वतः भरतो.

शिवाय आमच्या मुलखाला गड ही भानगड नाही. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, तेव्हा आमच्या शाखेत पेढे वाटले गेले. साल्हेरपासून तामिळनाडूतल्या जिंजीपर्यंत बारा नावं. त्यात बारामती, इंदापूर नाही, याचं आम्हांला वाईट वाटलं नाही. कारण कऱ्हा, नीरा आणि भीमा या तीन नद्यांनी हा मुलूख असा काही सपाट करून ठेवला आहे, की चढ म्हणून इथे फक्त कालव्यावरचा पूल येतो. जिथे डोंगर नाही तिथे माणूस दोन गोष्टी बांधतो. पैसा असेल तर भुईकोट, नसेल तर गढी.

भुईकोट बारामतीत, कऱ्हेच्या काठी. तो बाबूजी नाइकांचा. हे नाईक म्हणजे सावकार. पेशव्यांना कर्ज देणारे, आणि पेशव्यांचे सोयरेही. थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई त्यांच्या भावाला, आबाजी नाइकांना दिलेली. म्हणजे कर्ज घरातलंच; आणि ज्यानं ज्यानं घरात कर्ज दिलं आहे तो पुढची गोष्ट ओळखेल. १७४० साली बाजीराव गेले, तेव्हा बाबूजींनी काय करावं? नागपूरकर रघूजी भोसल्यांचा पाठिंबा घेऊन पेशवेपदच स्वतःसाठी मागितलं! वसुलीच्या कामावर मी सहा वर्षं होतो. कर्जदाराच्या दारातली मोटारसायकल, फार तर ट्रॅक्टर इथवर आमची मजल गेली. पण कर्जदाराची खुर्चीच मागणारा हा एकच वसुली अधिकारी. शाहू महाराजांनी अर्थात वस्त्रं बाजीरावांच्या मुलाला, नानासाहेबांना दिली. नाइकांच्या भुईकोटात पुढे बरीच वर्षं सरकारी कचेऱ्या नांदल्या. बुरुजाखाली अर्ज हातात घेऊन उभी राहिलेली माणसं पाहिली की वाटायचं, सावकाराच्या वाड्यातली ही रांग अजून मोडलेली नाही.

याच नाइकांच्या पदरी मोरोपंत. पन्हाळ्याला १७२९ साली जन्मलेला हा माणूस बारामतीला आला आणि १७९४ साली जाईपर्यंत इथेच आर्या रचत राहिला. त्यांनी एक नव्हे, १०८ रामायणं लिहिली असं सांगतात. एकदा गोष्ट सांगून झाल्यावर दुसऱ्यांदा सांगताना कंटाळा येऊ नये म्हणून पंतांनी स्वतःवरच अटी घालून घेतल्या. त्यातलं एक निरोष्ठ रामायण. ओठाला ओठ लागेल असं अक्षर वापरायचं नाही. प नाही, फ नाही, ब नाही, भ नाही आणि म नाही. म नाही म्हणजे रामायणात 'राम' म्हणायची सोय नाही! लक्ष्मणही गेला, भरतही गेला, बिभीषण तर दोनदा गेला. रावण मात्र शाबूत. तरी पंतांनी रामायण पुरं केलं.

मी हे कन्येला मुद्दाम सांगितलं, कारण आमच्यासमोर तशीच अट उभी होती. खोक्यात गोल वीट नव्हती. आणि बुरूज गोल असतो.

"मग पंतांनी काय केलं?" तिनं विचारलं.

"दुसरे शब्द वापरले."

"मग आपण पण चौकोनीच थोड्या थोड्या तिरक्या ठेवू." आणि तिनं खरोखरच प्रत्येक वीट मागच्या विटेपासून एकेक गुंडी सरकवत आठकोनी-सोळाकोनी असं काहीतरी केलं, जे चार फुटांवरून, चष्मा काढून पाहिलं तर बुरूज वाटत होतं. मी चष्मा काढून पाहिलं.

"कुठला करायचा ते मी ठरवलंय," ती म्हणाली. "इंदापूरची गढी. आपल्या घराजवळची."

मी उठून गॅलरीत गेलो.

इंदापूरची गढी मालोजीराजे भोसल्यांची. मालोजी म्हणजे शहाजीराजांचे वडील, शिवाजी महाराजांचे आजोबा. वेरूळकडचा हा पाटील निजामशाहीत चढत गेला आणि सतराव्या शतकाच्या आरंभी इंदापूरच्या लढाईत पडला. मुलगा होईना म्हणून नगरच्या शहाशरीफ पिराला नवस केला आणि मुलगे झाल्यावर एकाचं नाव शहाजी, दुसऱ्याचं शरीफजी ठेवलं, ही हकीकत आमच्याकडे लहान पोरंही सांगतात. स्वराज्याचा विचार करताना आपण शिवनेरी आणि रायगडाकडे पाहतो. पण त्या घराण्यातल्या एका माणसाचं रक्त आमच्या काळ्या रानात आधीच जिरलेलं होतं.

गढीची गंमत अशी, की ती किल्ल्यासारखी दरारा बसवत नाही. गावाची दोन अंगं असतात, काळी आणि पांढरी. काळी पिकते आणि पांढरीवर गाव वसतो. गढीची भिंत बहुधा या पांढरीच्या मातीची. खाली दगडाची जोती, वर माती. मालक होता तोवर ती दरवर्षी लिंपली जाई. मालक गेला की पाऊस तिच्यात घळी पाडतो, आणि उरलेली पांढरी माती गावच टोपल्यांनी वाहून नेतं, धाब्याच्या छपरावर घालायला. गढी पडत नाही. ती गावभर वाटली जाते.

आमच्या घरी मात्र वाटणी निराळी झाली होती. वडील गेल्यावर मी आणि दादा, दोन भाऊ आणि एक घर. अंगण मधोमध विभागावं असं ठरलं. ठरलं म्हणजे दोघांनीही दोन दोन माणसं मध्ये घालून, एकमेकांकडे न बघता ठरवलं. भिंत घालायला गवंडी आला. ती नेमकी आमच्या किल्ल्याच्या जागेवरून गेली. साडेचार फुटांवर विटा संपल्या. पुढच्या विटांचे पैसे कुणी द्यायचे यावरून शब्द झाला, एकातून दुसरा निघाला आणि काम तिथेच थांबलं. त्याला तीन वर्षं झाली. तीन वर्षांत दादाशी माझं एकही वाक्य झालं नव्हतं. इंदापूरला गेलो तर आमच्या बाजूचं कुलूप काढायचं, झाडायचं आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत. साडेचार फुटांच्या भिंतीपलीकडे माणूस असतो आणि त्याचं डोकं दिसतं. न बोलायला हे फार अवघड पडतं. सहा फुटांची असती तर बरं झालं असतं.

हे चौथीतल्या मुलीला कोण सांगणार? आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, जाऊन या एकदा. मापं घ्यायला म्हणून तरी." बायकोचं हे 'म्हणून तरी' फार खोल असतं.

जाण्याआधी मी रीतसर अंदाजपत्रक केलं. आठ गुंड्यांची वीट सुमारे ३.२ सेंटिमीटर लांब आणि ०.९६ उंच. भिंत ६० सेंटिमीटर लांब, १५ उंच धरली तर एका थरात १९ विटा, थर १६, म्हणजे एका बाजूला ३०४. चार बाजूंना १,२१६. बुरूज वेगळे. शिल्लक ७९१, त्यातल्या निम्म्याहून अधिक चिल्लर: चाकं, डोळे, एक गुंडीचे तुकडे. प्रस्ताव सरळ सरळ नामंजूर करण्याजोगा. पण अर्जदार घरातली होती. मी भिंतीची उंची कमी केली, मागची बाजू रद्द केली आणि शेरा मारला, 'भूखंडाच्या मागे डोंगर असल्याचे गृहीत धरले आहे.'

मग रचना. यासाठी रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र काढलं. १७१५-१६ च्या सुमाराचं हे राजनीतीचं पुस्तक. शिवाजी महाराजांच्या हाताखाली घडलेल्या माणसानं लिहिलेलं, आणि त्यात किल्ले कसे बांधावेत यावर एक आख्खं प्रकरण. पंत सांगतात, आधी पाणी पाहा, मग दगड उचला. (आमच्या सोसायटीच्या बिल्डरनं हे वाचलं असतं तर आज टँकर लागले नसते.) कन्येनं ताबडतोब निळ्या विटांचं टाकं मधोमध बसवलं. दुसरं, दरवाजा शत्रूच्या थेट नजरेत नको. त्याच्या पुढे बुरूज आणा आणि वाट वळवून घ्या. हीच गोमुखी बांधणी. दोन बुरूज पुढे येऊन मिठी मारल्यासारखे वळतात, वाट त्यांच्यामधून मुरडत जाते. हत्तीला धावत येऊन धडक द्यायला सरळ जागाच उरत नाही. सिंधुदुर्गासमोर होडीतून गेलात तर दरवाजा कुठे आहे हेच कळत नाही, ते यामुळे. युरोपातल्या त्या चित्रातला पूल खाली पडला, की सरदार सरळ दिवाणखान्यात. आमच्याकडे पाहुण्यालासुद्धा दोन वळणं घ्यावी लागतात.

तिसरी गोष्ट पंतांनी फार जोरात सांगितली आहे. एकच दरवाजा असणं हा किल्ल्याचा मोठा दोष. दोन-तीन दरवाजे करा, शिवाय चोरदिंड्या ठेवा आणि रोजच्या राबत्याला लागतील तेवढेच उघडे ठेवून बाकीचे चिणून ठेवा. म्हणजे अडचणीच्या वेळी वाट मोकळी करता येते. कन्येनं डाव्या भिंतीत एक लाल खिडकी ठेवली आणि म्हणाली, "ही चोरदिंडी. बाहेरून बंद दिसते, पण आतून ढकलली की उघडते."

इंदापूरला आम्ही वसुबारसेला गेलो. गढीचं जे काही उरलं आहे त्याच्या कडेनं कन्या पावलं टाकत होती आणि मी वहीत मांडत होतो. लहानपणी मी आणि दादानंही अशीच गढी मोजली होती. माझा आकडा त्याच्या दीडपट आला होता, आणि माझे पाय आखूड आहेत हे कुणाच्याच लक्षात न आल्यामुळे त्यावरून मारामारी झाली होती. आता मी बुरुजापाशी वळलो तर समोर दादा. हातात दुधाची किटली. केस पिकलेले. तीन वर्षांत मी त्याचं नुसतं डोकं पाहिलं होतं, तरी केस पिकलेले माझ्या ध्यानात आले नव्हते.

तो माझ्याशी बोलला नाही. पोरीला म्हणाला, "काय मोजतीयस गं?"

"गढी, मोठे काका. विटांची करायचीय."

"बापाला मोजायला लावू नकोस. त्याचं माप चुकतं."

मी वही मिटली. हे वाक्य माझ्याशी होतं की नाही, याचा निकाल मी अजून लावलेला नाही.

गढी आमच्या अंगणात उभी राहिली. जागा भिंतीला लागूनच, कारण मागे डोंगर गृहीत धरला होता. पिवळ्या विटा दुपारीच संपल्या, नारिंगी चारला, गुलाबी दिवेलागणीला. पुढची भिंत, दोन बुरूज आणि गोमुख झालं. दोन बाजू नुसत्या थरावर. कन्या रडकुंडीला आली. मी तिला शनिवारवाड्याची गोष्ट सांगायला लागलो. १७३० साली पाया घातला, १७३२ साली वास्तुशांत झाली, खर्च १६,११० रुपये. (वरचे दहा कशाचे, हे मला ऑडिटच्या दृष्टीनं नेहमी विचारावंसं वाटतं.) खाली दगड आहे आणि वर वीट. सांगतात ते असं, की दगडी कोट बांधायचा मान फक्त छत्रपतींचा, अशी साताऱ्याला कुणीतरी कागाळी केली आणि पेशव्यांनी उरलेलं काम विटांत उरकलं. म्हणजे अर्धं एकाचं, अर्धं दुसऱ्याचं असलं तरी—

"गोणपाट भिजवलंयत का?" भिंतीवरून आवाज आला.

दादाचं डोकं दिसत होतं. मग हात दिसला. हातात चिखलाचा गोळा होता आणि तो बोटांनी दाबून सैल-घट्ट पाहत होता.

मी म्हटलं, "नाही."

"मग आण की. उभा काय राहिलास?"

मी गोणपाट आणलं. पाणी आणलं. दगड आणले. "हात काढ तिथून," एवढंही तो एकदा म्हणाला. दादा भिंत ओलांडून आला नाही, मीही गेलो नाही. सगळं काम तो पलीकडून वाकून करत होता, आणि त्यासाठी त्याला स्टुलावर उभं राहावं लागत होतं. रात्री नऊला गढी पुरी झाली. पुढून डेन्मार्कची, मागून इंदापूरची. वहिनींनी भिंतीवरून करंज्यांचं ताट सरकवलं. त्या तळायला कधी घेतल्या होत्या, हे मी विचारलं नाही.

भाऊबीजेच्या रात्री अवकाळी पाऊस झाला. सकाळी पाहतो तो दादाची बाजू गेली होती. नुसता ओघळ आणि त्यात हळिवाची हिरवी लव. प्लॅस्टिकची बाजू गोमुखासकट तशीच्या तशी, धुऊन पुसून चकचकीत. कन्येला वाईट वाटलं. दादा स्टुलावर चढून बघत म्हणाला, "गढी अशीच जायची असती. तुझी ती पिवळी जायची नाही, हीच तिची खोड आहे."

बारामतीला आल्यावर मी विटा धुतल्या, वाळवल्या आणि खोक्यात भरताना मोजल्या. ७९०. छापील आकड्याशी ताळा तंतोतंत जुळला. एवढं समाधान मला कित्येक महिन्यांत लाभलं नव्हतं. एक कमी आहे हे लक्षातच आलं नाही.

आषाढात, शाखेत भर गर्दीच्या वेळी दादाचा फोन आला. तीन वर्षांतला पहिला. म्हणाला, "अरे, भिंतीच्या बुडाशी एक लाल खिडकी सापडलीय. तुमच्या किल्ल्याची दिसतीय. पाठवून देऊ का ठेवू?"

काउंटरसमोर अकरा माणसं उभी होती. मी म्हटलं, "ठेव. रविवारी येतो."

"जेवायला थांबणार असशील तर आधी सांग," तो म्हणाला. "वहिनीला ऐनवेळचं आवडत नाही."